बहुधातू खाणकंपन्या आणि गुंतवणूकदार

एकाहून अधिक धातूंच्या खनिजसाठ्यांवर उत्पन्न मिळवणारी कंपनी म्हणजे बहुधातू खाणकंपनी. गुंतवणूकदार तिच्याकडे वळतो तो एका सरळ आशेने : तांबे पडले तर लोखंड सावरून घेईल, लोखंड पडले तर चांदी हात देईल. ही आशा कधी फळाला आली आहे, कधी सपशेल फसली आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात धातूंची यादी किती लांब आहे यावरून फारसे काही कळत नाही. नफा कोणत्या धातूतून येतो आणि माल शेवटी कोण विकत घेतो, हे पाहावे लागते.

बहुधातू कंपन्या दोन तऱ्हांच्या असतात. पहिलीत एकाच दगडात अनेक धातू सापडतात. राजस्थानातील रामपुरा आगुचा आणि सिंदेसर खुर्द या हिंदुस्तान झिंकच्या खाणींत जस्त, शिसे आणि चांदी एकत्र निघतात. खोदकाम, दळण आणि भट्टी यांचा बहुतेक खर्च जस्त-शिशाच्या खात्यावर पडतो. त्यामुळे चांदीची विक्री जवळजवळ थेट नफ्यात उतरते. या कंपनीचे वार्षिक चांदी उत्पादन अलीकडच्या वर्षांत 700 टनांच्या आसपास राहिले आहे. म्हणूनच चांदी चढली की जस्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा शेअरही चढतो. इंडोनेशियातील ग्रासबर्ग ही अशीच तांब्या-सोन्याची खाण. सोन्याचे उत्पन्न खर्चातून वजा केल्यावर तिथल्या तांब्याचा निव्वळ खर्च काही तिमाहींत शून्याखाली गेलेला दिसतो. आकडा दिपवणारा असला तरी तो हिशेबाच्या पद्धतीतून आलेला आहे. सोने स्वस्त झाले, की खाणीत एक दगडही इकडचा तिकडे न होता तांबे 'महाग' होते.

दुसऱ्या तऱ्हेत निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या खाणी एका मालकीखाली येतात. बीएचपी, रिओ टिंटो, अँग्लो अमेरिकन, ग्लेनकोर, व्हाले ही यातली मोठी नावे.

बीएचपीचा जन्म मात्र पहिल्या प्रकारातला आहे. 1883 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये चार्ल्स रास्प या मेंढवाड्याच्या राखणदाराला एका काळ्या टेकाडात कथिल असावे असे वाटले. तिथे निघाले शिसे, चांदी आणि जस्त. 1885 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीला त्या ठिकाणाचेच नाव मिळाले : ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. शिशाच्या भट्टीत मळी वितळवण्यासाठी लोहखनिज लागे, म्हणून कंपनीने दक्षिण ऑस्ट्रेलियातील आयर्न नॉब येथील साठा घेतला. भट्टीसाठी आणलेल्या त्याच लोहखनिजावर 1915 मध्ये न्यूकॅसलचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1939 मध्ये कंपनीने ब्रोकन हिलमधील आपले खाणकाम थांबवले. 2001 मध्ये तिचे बिलिटनशी विलीनीकरण झाले. पुढे 2015 मध्ये अ‍ॅल्युमिनियम, मँगनीज, निकेल आणि चांदीचे काही व्यवसाय 'साउथ32' या वेगळ्या कंपनीत गेले आणि 2022 मध्ये तेलव्यवसाय वुडसाइडकडे गेला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ धातू बदलत राहिले, म्हणूनच कंपनी टिकली. कोणत्याही भागधारकाला हा इतिहास मोहात पाडेल.

विविधतेचा खरा उपयोग 2023-24 च्या निकेल मंदीत दिसला. इंडोनेशियाने बाजारात निकेलचा पूर आणला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणी तोट्यात गेल्या. सव्हाना ही निकेल खाण चालवणारी पॅनोरॅमिक रिसोर्सेस डिसेंबर 2023 मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेली. बीएचपीनेही जुलै 2024 मध्ये आपला निकेल वेस्ट विभाग तात्पुरता बंद करण्याचे ठरवले. त्या विभागातील कामगारांसाठी तो मोठा आघात होता. लोहखनिज आणि तांब्यावर जगणाऱ्या कंपनीसाठी तो ताळेबंदातला एक परिच्छेद ठरला.

भारतातील उदाहरण गोव्याच्या वाटेने जाते. प्रामुख्याने लोहखनिजावर वाढलेली सेसा गोवा 2013 मध्ये स्टरलाइटशी एकत्र आली आणि 2015 पासून वेदांता या नावाने ओळखली जाऊ लागली. 2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या होत्या. त्या पुन्हा सुरू होतात न होतात तोच 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्याच वर्षी मे महिन्यात तुतिकोरिनमध्ये निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 13 जणांचा बळी गेला आणि तिथला वेदांताचा तांबे कारखाना बंद झाला. अवघ्या काही महिन्यांत उत्पन्नाचे दोन स्रोत आटले, तरी जस्त, अ‍ॅल्युमिनियम आणि बाडमेरचे तेल कंपनीच्या हाती होते. सेसा गोवा एकटीच राहिली असती, तर तिच्या भागधारकांची अवस्था काय झाली असती याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

याच वेदांताने 2022-23 मध्ये प्रतिसमभाग 101.50 रुपये लाभांश वाटला, तर तिची उपकंपनी हिंदुस्तान झिंकने 75.50 रुपये. लाभांशावर डोळा ठेवणाऱ्यांना हे आकडे पर्वणीच वाटले. पण त्यामागे धातूंच्या विविधतेइतकीच लंडनस्थित पालक कंपनीची कर्जफेडीची निकडही होती. वेगवेगळ्या धातूंचे व्यवसाय स्वतंत्र कंपन्यांत विभागण्याची योजना वेदांताने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केली, हेही इथे नोंदवायला हवे.

आता या आशेची दुसरी बाजू. 2015 मध्ये तांबे, निकेल, जस्त, अ‍ॅल्युमिनियम आणि लोहखनिज एकाच वेळी घसरले, कारण या सगळ्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक एकच होता : चीन. 2011 मध्ये टनामागे 190 डॉलरच्या आसपास गेलेले लोहखनिज डिसेंबर 2015 मध्ये 40 डॉलरखाली आले. 28 सप्टेंबर 2015 रोजी कर्जाने वाकलेल्या ग्लेनकोरचा शेअर एका दिवसात 29 टक्के कोसळला. फेब्रुवारी 2016 मध्ये बीएचपीने अंतरिम लाभांश 62 सेंटवरून 16 सेंटवर आणला. त्याआधी नोव्हेंबर 2015 मध्ये बीएचपी आणि व्हाले यांच्या भागीदारीतील सामार्को कंपनीचा ब्राझीलमधील गाळाचा बांध फुटून 19 माणसे मेली होती. अशा दुर्घटनेची भरपाई मात्र सगळ्या धातूंच्या नफ्यातून द्यावी लागते.

विविधता विकत घेण्याचा हव्यासही महाग पडतो. रिओ टिंटोने 2007 मध्ये, तेजीच्या ऐन शिखरावर, अ‍ॅल्युमिनियमसाठी अल्कॅन ही कंपनी 38 अब्ज डॉलरला घेतली. जानेवारी 2013 मध्ये मुख्यतः या व्यवहारापोटी आणि मोझांबिकमधील कोळशापोटी सुमारे 14 अब्ज डॉलर बुडीत खाती टाकावे लागले आणि मुख्याधिकारी टॉम अल्बनीज यांना पद सोडावे लागले. (पुढच्याच वर्षी ते वेदांताचे प्रमुख झाले.) इतके करूनही 2021 मध्ये रिओ टिंटोच्या परिचालन नफ्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकट्या लोहखनिजातून आला. पन्नाची हिऱ्याची खाण चालवणारी एनएमडीसीही अशीच : हिरे नावापुरते, कमाई लोहखनिजाची. त्या मानाने नागपूरची मॉयल प्रामाणिक म्हणावी. तिचा शेअर घेणारा मँगनीजच घेत असतो.

अलीकडे बाजाराचा कल उलटा फिरला आहे. वीजवाहने आणि वीजजाळ्यांमुळे तांब्याला मागणी येईल या अपेक्षेने गुंतवणूकदार शुद्ध तांबेकंपन्यांना जास्त भाव देतात. त्या मानाने बहुधातू कंपन्या स्वस्तात मिळतात. एप्रिल 2024 मध्ये बीएचपीने अँग्लो अमेरिकनला मागणी घातली ती या अटीवर, की तिने दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनम आणि लोहखनिजाचे हिस्से आधी आपल्या भागधारकांना वाटून टाकावेत. जगातील सर्वांत मोठ्या बहुधातू कंपनीला दुसऱ्या बहुधातू कंपनीतले मुख्यतः तांबे हवे होते. अँग्लोने नकार दिला आणि प्लॅटिनम, कोळसा, निकेल आणि हिऱ्यांतून बाहेर पडण्याचा स्वतःचा बेत मांडला. 2025 मध्ये तिचा प्लॅटिनम व्यवसाय व्हॅल्टेरा या नावाने वेगळा झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने कॅनडाच्या टेक रिसोर्सेसशी विलीनीकरण जाहीर केले. त्याचा गाभा होता चिलीतील शेजारशेजारच्या दोन तांबे खाणी.