पदवीच्या पायरीवाचून रुजलेले शास्त्र

विश्रांतवाडीच्या दक्षिणेस, येरवड्याच्या हद्दीत डेक्कन कॉलेजचा जो जुना परिसर आहे, तेथे महाराष्ट्रातील मानवशास्त्राचा, म्हणजे माणसाची शरीररचना, त्याचा प्राचीन वारसा आणि त्याची समाजरचना यांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राचा, पाया घातला गेला. अन्य विषय पदवीच्या वर्गात रुजले आणि मग संशोधनापर्यंत वाढले. हा विषय मात्र थेट संशोधनाच्या पातळीवर आला आणि पदवीची पायरी त्याला सुरुवातीला लाभलीच नाही. या एका गोष्टीने त्याला मोठे सामर्थ्य दिले आणि त्याच गोष्टीने त्याचा विस्तारही रोखला.

यामागचे कारण संस्थेच्या इतिहासात आहे. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा 1851 मध्ये पूना कॉलेज झाली, 1864 मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेल्या येरवड्याच्या इमारतीत ती 1868 मध्ये आली. टिळक, आगरकर यांच्यासारखे विद्यार्थी घडवणारे हे पदवी महाविद्यालय सरकारने 1934 मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि 1939 च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडले, पण ‘पदव्युत्तर व संशोधन संस्था’ म्हणून. त्याच वर्षी मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तेथे रुजू झाल्या.

तोपर्यंत हे शास्त्र मराठी अभ्यासकांना अगदीच अपरिचित राहिले नव्हते. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात, भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला होता. गोत्राबाहेरच लग्न करण्याच्या, म्हणजे बहिर्विवाहाच्या जुन्या रूढीवर जातीतच लग्न करण्याचे, म्हणजे अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात घडली, अशी त्यातील मांडणी होती. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने 1920 च्या सुमारास मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावतीबाई घुर्यांकडे समाजशास्त्र शिकल्या आणि मग बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या असमानतेचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा, अभ्यास करू लागल्या. हा फरक वंशाशी जोडला जावा अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसा संबंध निघाला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसे स्पष्ट लिहिले. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना बळावत असलेल्या त्या काळात एका परदेशी विद्यार्थिनीने दाखवलेला हा प्रामाणिकपणा मानवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा.

ज्या विषयात कोणीच पदवी घेतलेली नाही, त्याची उभारणी इतर विषयांच्या माणसांनीच करावी लागते, आणि डेक्कन कॉलेजात तसेच घडले. गुजरातेतील लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या उत्खननात सापडलेले मानवी सांगाडे तपासण्यासाठी इरावतीबाईंसह मुंबईचे शरीररचनातज्ज्ञ गो. म. कुरुळकर यांचे साहाय्य घेण्यात आले. महाराष्ट्रातील जातींच्या मानवमितीचा, म्हणजे उंची, डोके, नाक इत्यादींच्या पद्धतशीर मोजमापांचा, 1951 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ इरावतीबाईंनी वि. म. दांडेकर यांच्यासह लिहिला, आणि दांडेकर हे मुळात संख्याशास्त्राचे व अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती प्रत्यक्षात वेगवेगळ्या गटांच्या असू शकतात, हे इरावतीबाईंनी कुंभारांच्या उदाहरणाने दाखवले: थोरचाके आणि लहानचाके यांचा व्यवसाय एक, पण चाक वेगळे आणि बेटीव्यवहारही वेगळा. म्हणून जात ही मूळ एका समाजाची फाळणी नसून परस्परांत लग्ने करणारा, विस्तारलेला नातेसमूह आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो घुर्यांच्या मतापासून दूर जाणारा होता.

विश्रांतवाडीला या अभ्यासाशी जोडणारा आणखी एक धागा आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी दिघी, विश्रांतवाडी या वाटेने पुण्यात येते. क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये राहून प्रत्यक्ष पाहणी करण्याची पद्धत, किती जिवंत असू शकते हे इरावतीबाईंच्या वारीवरील लेखातून कळते. त्या दिंडीबरोबर चालल्या, भक्तीने एकत्र आलेल्या माणसांचे प्रेम त्यांनी अनुभवले, आणि त्याच दिंडीत ब्राह्मण व मराठा स्त्रियांच्या पंगती वेगळ्या राहतात हेही त्यांनी नोंदवले. या लेखाचे इंग्रजी रूप 1962 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

पुणे विद्यापीठातील मानवशास्त्र विभागाच्या स्थापनेचे श्रेयही इरावतीबाईंना दिले जाते. 1970 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर डेक्कन कॉलेजात सांगाड्यांचा अभ्यास पुढे चालू राहिला. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात झालेल्या उत्खननात घरांच्या जमिनीखालच्या, मुलांसाठी बहुधा मडक्यांचा वापर केलेल्या, दोनशेहून अधिक दफनांनी त्याला विपुल सामग्री पुरवली.

तरीही पदवीच्या पातळीवरील उणीव कमी महत्त्वाची नव्हती. दिल्लीसारख्या ठिकाणी बारावीनंतरच विद्यार्थी या शास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन हाडे हाताळू शकतो. वंशावळ कशी टिपावी, नात्याचे शब्द कसे विचारावेत, मोजपट्टी कशी धरावी, ही कौशल्ये अठरा-वीस वर्षांच्या वयात सहज अंगवळणी पडतात. तत्त्वज्ञान, संस्कृत किंवा प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आलेल्याला ती नव्याने शिकावी लागतात. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह केली आणि ती 1969 मध्ये पुस्तकरूपाने आली. अशा पाहणीला प्रशिक्षित अन्वेषकांची, म्हणजे घरोघर जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांची, मोठी संख्या लागते, आणि असे मनुष्यबळ मूठभर संशोधकांच्या वर्गातून नव्हे, पदवीच्या वर्गातूनच तयार होऊ शकते.