व्हॉलीबॉलपटूचं शरीर : मोजमापाची गोष्ट

मंडळी, वणी, पुसद, झरी जामणीकडची पोरं निवड चाचणीला येतात तेव्हा त्यांना आधी भिंतीला पाठ लावून उभं केलं जातं. उंची किती? आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नावर. हा प्रश्न खेळात आला कुठून?

व्हॉलीबॉल हा मुळात उंचांचा खेळच नव्हता. अमेरिकेतल्या होल्योक गावी १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी तो तयार केला, तोही वयस्क व्यापाऱ्यांसाठी, ज्यांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती. जाळी होती अवघी साडेसहा फुटांवर. माणसाच्या डोक्याच्या जरा वर, बस्स! पुढे १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो खाली हाणायचा, ही तऱ्हा रुजली. म्हणजे आपला लिफ्टर आणि स्मॅशर. जाळीही वर चढत गेली. आज पुरुषांसाठी ती २.४३ मीटरवर असते, आणि आघाडीच्या संघांत दोन मीटरचा खेळाडू दिसला तर कुणी वळून पाहत नाही. थोडक्यात, आधी नियम बदलले, मग शरीरं बदलली.

आपल्या वऱ्हाडात सुदृढ शरीराची कल्पना वेगळीच होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ मध्ये तिथली मंडळी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम दाखवून आली. आखाड्यातला आदर्श म्हणजे भरलेली छाती, जाड मान, मजबूत मांड्या. व्हॉलीबॉलला हवे लांब हात, हलकं धड आणि उडी. पैलवानाला हे शरीर किडकिडीतच वाटणार की!

आता मोजपट्टीकडे येऊ. महाराष्ट्रात शरीरं शास्त्रशुद्ध मोजली गेली ती खेळासाठी नव्हे. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातल्या मानवमितीवरचा ग्रंथ १९५१ चा. उंची, डोकं, नाक अशी मापं घेऊन जातिसमूहांचं नातं शोधायचं, हा त्या अभ्यासाचा रोख. गंमत बघा, भारतीय व्हॉलीबॉल महासंघही त्याच वर्षीचा. (आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता!) मोजायची साधनं तीच, पण मैदानावर प्रश्न बदलतो. ‘हा कोणत्या समूहातला?’ असं न विचारता ‘हे शरीर काय करू शकतं?’ असं विचारावं लागतं.

त्यासाठी १९६७ मध्ये हीथ आणि कार्टर यांनी पद्धत बसवली. चिमट्याने त्वचेची घडी मोजायची, हाडांची रुंदी घ्यायची, दंड-पोटरीचा घेर घ्यायचा आणि तीन आकडे काढायचे: मेद, स्नायू-हाडं, सडपातळपणा. वरच्या दर्जाच्या पुरुष खेळाडूंत पहिला आकडा बहुधा कमी निघतो. मधला ब्लॉकर सगळ्यात उंच, सडसडीत. लिबेरोचं तसं नाही. १९९८ मध्ये ही जागा नियमात आली आणि बुटक्या, चपळ पोरासाठी दार उघडलं. पुन्हा नियमच!

माझं म्हणणं एवढंच, की नुसत्या उंचीवर पोरगं परत पाठवणं हा आळस आहे. जपानचा युजी निशिदा जेमतेम सव्वासहा फुटांच्या आत, पण त्याचा स्मॅश भल्याभल्या ब्लॉकवरून जातो. चेंडूला डोकं नाही, हात लागतो. सारख्याच उंचीच्या दोघांची हात वर करून पोहोच चार-पाच सेंटिमीटरने वेगळी असू शकते, आणि उडीतला फरक त्याहून मोठा. चौदा वर्षांच्या पोराची तर वाढच अजून बाकी असते.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बोटांना खडू लावा. पोराला भिंतीशी उभं करून हात वर करायला सांगा, खूण करा. मग जागेवरून उडी मारायला लावा, दुसरी खूण करा. या दोन्ही खुणा उंचीच्या शेजारी लिहा, आणि वर्षाने त्याच पोराला पुन्हा बोलवा.