ऱ्हीसस माकडांची निर्यात आणि एका अटीचा अर्थ (१९५५–१९७८)

उत्तर भारतातील तांबड्या तोंडाच्या माकडास ऱ्हीसस हे नाव ओदबेर नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दिले. ऱ्हीसस हा ग्रीक पुराणातील थ्रेस देशाचा राजा. त्याचा ह्या प्राण्याशी काडीचाही संबंध नाही. दख्खनमध्ये आढळणारे माकड निराळ्या जातीचे असून, मराठीत ज्याला वानर म्हणतात तो काळ्या तोंडाचा प्राणी तर सर्वस्वी वेगळा होय. परंतु ऱ्हीसस हे परके नाव आज घरोघर पोहोचले आहे. १९४० साली लांडस्टायनर व वीनर यांनी ह्या माकडांच्या रक्तपेशी सशांना टोचून जो रक्तद्रव मिळविला, त्याच्या साहाय्याने मानवी रक्तातील एक भेद उघडकीस आणला, आणि त्या भेदास माकडाच्याच नावाची आद्याक्षरे दिली. रक्तगटापुढे लिहिले जाणारे ‘पॉझिटिव्ह’ वा ‘निगेटिव्ह’ हे शब्द त्याचेच अवशेष आहेत.

ह्या माकडांना खरी मागणी आली ती पोलिओमुळे. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंखेरीज अन्य पेशींतही वाढविता येतो, हे एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये दाखविले. साल्क यांनी त्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरल्या. त्यांची लस सुरक्षित व परिणामकारक ठरल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत भारतातून दरवर्षी लाखाहून अधिक माकडे परदेशी गेली. ह्या लसीने असंख्य मुलांचे पाय वाचविले, ही गोष्ट निर्यातीच्या कोणत्याही टीकाकारास नाकारता येणार नाही. आणि बहुतेकांनी ती नाकारलीही नाही.

आक्षेप प्रथम उठला तो प्रयोगशाळेतील नव्हे, तर वाटेतील मृत्यूंबद्दल. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर ३९४ माकडे गुदमरून मेली. त्याच वर्षी भारत सरकारने निर्यात काही काळ थांबविली. पुढे ती पुन्हा सुरू झाली ती एका अटीवर: माकडांचा उपयोग पोलिओची लस आणि वैद्यकीय संशोधन एवढ्यापुरताच व्हावा. ह्या अटीचा सारा भार प्रयोजनावर होता. प्राण्यास किती वेदना व्हाव्यात, किती प्राणी न्यावेत, हे प्रश्न त्या मानाने मागे राहिले. माकडास देवाच्या परिवारातील मानणाऱ्या समाजाने ते विकावे, ह्याचे समर्थन एका रोगाच्या नावाने झाले. म्हणजे ‘वैद्यकीय’ ह्या एका विशेषणाने अनुज्ञा व मर्यादा अशी दोन्ही कामे करावयाची होती.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून झालेल्या १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याची रचनाही पुष्कळशी अशीच आहे. शरीरविज्ञानातील नवे शोध, जीव वाचविणे, आयुष्य वाढविणे, दुःख कमी करणे, रोगाशी झुंजणे ह्या हेतूंनी केलेले प्रयोग त्याने अवैध मानले नाहीत. त्यांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद मात्र केली, आणि शिक्षणात पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असेही सांगितले. ह्या शेवटच्या कलमाचे महत्त्व अजूनही पुरते ओळखले गेलेले नाही. पण ह्या कायद्याचे हात देशाच्या सीमेपलीकडे पोहोचत नव्हते.

दरम्यान साउथविक व अलीगढचे सिद्दीकी यांनी उत्तर प्रदेशात केलेल्या गणनेत माकडांची संख्या घटत असल्याचे दिसून आले. कळपांत पिले व तरुण माकडे विशेषच कमी होती. पारध्यांना हवी होती ती नेमकी तीच. १९७० नंतर सरकारने निर्यातीचा आकडा टप्प्याटप्प्याने खाली आणला.

तथापि शेवटचा आघात संख्येचा नव्हता. अमेरिकेच्या सैनिकी संस्थांत माकडांना तीव्र किरणोत्सर्ग देऊन, त्यानंतर ती किती वेळ काम करू शकतात हे पाहिले जात असल्याचे शर्ली मॅकग्रील यांच्या प्राणिरक्षक संघटनेने उजेडात आणले. अण्वस्त्राच्या माऱ्यानंतर सैनिक कितपत लढू शकेल, ह्याचा तो अंदाज होता. हे प्रयोग शरीरावर, शरीरशास्त्राच्या पद्धतीने व वैद्यकाच्या परिभाषेत झाले असल्याने त्यांना वैद्यकीय म्हणण्यास कोशाचा आधार मिळू शकतो. अट घालणाऱ्याच्या मनातील अर्थास मात्र तो मिळत नाही. तेथे रोगी गृहीत होता, आणि येथे रोगीच नव्हता. अशा प्रसंगी शब्दाचा अर्थ देणाऱ्याने ठरवावा की घेणाऱ्याने, हा वाद दोन्ही सरकारांमध्ये फार काळ चालला नाही. मोरारजी देसाई यांच्या सरकारने डिसेंबर १९७७ मध्ये बंदी जाहीर केली व १ एप्रिल १९७८ पासून ती अंमलात आली.

अमेरिकेतील संशोधकांना ही बंदी जाचक वाटली, हे साहजिक होते. परंतु तिच्यामुळे तेथे माकडांच्या पैदाशीकडे अधिक लक्ष दिले गेले. त्याचा पायंडा जुनाच होता: भारतातून नेलेली सुमारे चारशे माकडे १९३८ मध्येच पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडण्यात आली होती व त्यांची संतती अद्याप तेथे आहे. इकडे साउथविक व सिद्दीकी यांनी पुढेही गणना चालू ठेवली. बंदीनंतर अलीगढ परिसरातील कळपांत पिलांची संख्या पुन्हा वाढू लागल्याची नोंद तीत आढळते.