इओसिनोफिल वाढले म्हणजे ॲलर्जीच का?

रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिलचा आकडा जास्त आला की ‘ॲलर्जी आहे’ असे सर्रास म्हटले जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर किंवा शेजारच्या गडचिरोलीसारख्या हत्तीरोगग्रस्त भागात मात्र यामागे कृमीही असू शकतात. हा फरक समजण्यासाठी ॲलर्जी आणि दाहातील पेशी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात.

चार पेशी, चार कामे

मास्ट पेशी : त्वचा, श्वासनलिका आणि आतड्याच्या अस्तरात राहतात. रक्तात फिरत नसल्याने नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाहीत. त्यांच्यावर ‘आयजीई’ प्रतिपिंडे बसलेली असतात. ॲलर्जीकारक पदार्थ या प्रतिपिंडांना चिकटला की काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडते. शिंका येतात, अंगावर पित्त उठते.

बेसोफिल : यांच्यातही आयजीई आणि हिस्टामिन असते, पण त्या रक्तात फिरतात आणि पांढऱ्या पेशींत त्यांचे प्रमाण साधारण 1 टक्क्याहून कमी असते.

इओसिनोफिल : ॲलर्जीत या काही तासांनी जमतात आणि दाह टिकवून ठेवतात. त्यांच्या कणांतील विषारी प्रथिने कृमींवर मारा करतात, पण दम्यात तीच श्वासनलिकेला इजा करतात. रक्तात त्यांची संख्या एरवी दर घन मिलिमीटरला 500 पेक्षा कमी असते.

न्यूट्रोफिल : पांढऱ्या पेशींत सर्वाधिक. जिवाणूंचा संसर्ग झाल्यास प्रामुख्याने याच वाढतात.

हत्तीरोगाशी संबंध

हत्तीरोगाचे कृमी क्युलेक्स डासांमार्फत पसरतात. काही जणांचे शरीर या कृमींच्या सूक्ष्म पिल्लांना फुप्फुसात तीव्र प्रतिसाद देते. रात्री खोकला येतो, धाप लागते, छातीत घरघर होते आणि इओसिनोफिल सहसा 3000 च्या वर जातात. या आजाराला ‘ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया’ म्हणतात. पिल्ले फुप्फुसात अडकत असल्याने रात्री घेतलेल्या रक्तातही ती बहुधा सापडत नाहीत. त्यामुळे हा आजार दमा समजला जाण्याची शक्यता असते. त्यावर डायइथाइलकार्बामाझिन (डीईसी) हे हत्तीरोगाचेच औषध दिले जाते; वेळेत उपचार न झाल्यास फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते.

काय लक्षात ठेवावे?

आकडा वाढलेला दिसला म्हणून स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नये. स्टेरॉइडने इओसिनोफिल कमी होतात, पण कृमी तसेच राहतात. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातील कृमीचा संसर्ग तर जीवघेणाही ठरू शकतो. रात्रीचा खोकला आणि आपण कोणत्या भागात राहतो, हे दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.