दाढीवाल्या ड्रॅगनचा फळाहार

दाढीवाला ड्रॅगन : ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रखरखीत मुलखात राहणारा आणि आज जगभर पाळला जाणारा सरडा. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट आल यांनी १९२६ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. कुल अगॅमिडी, आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा बागेतला सरडा याच कुलातला. शेपटीसह लांबी ४० ते ६० सेंमी., पूर्ण वाढलेल्या निरोगी प्राण्याचे वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. डिवचला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून दाढीवाला. ऑस्ट्रेलियाने १९६०च्या दशकापासून देशी वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात बंद केली आहे. त्यामुळे यूरोप-अमेरिकेतील आणि तेथून पुढे पसरलेले पाळीव ड्रॅगन हे पूर्वी बाहेर नेलेल्या मोजक्या प्राण्यांची पिंजऱ्यात वाढलेली संतती आहे. शांत स्वभावामुळे तो मुलांचा लाडका होतो आणि लाडाचा पहिला आविष्कार म्हणून त्याच्यासमोर फळाची फोड येते. प्रस्तुत नोंद त्या फोडीपुरती आहे.

मूळ आहार : हा प्राणी मिश्राहारी आहे. रानात तो कीटक, कोवळी पाने, फुले आणि झुडपांची बारीक फळे खातो. पाऊस पडून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडली की तिच्यावर तुटून पडतो. रसाळ, गोड फळ त्याच्या मुलखात जवळजवळ नाहीच. माणसाने शेकडो वर्षे निवड करून गोड केलेला आंबा, केळे किंवा द्राक्ष यांच्याशी त्याच्या आतड्याची आणि दातांची ओळख नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. पिल्लू वाढीच्या काळात मुख्यतः कीटकांवर जगते. वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर प्रमाण उलटते आणि आहाराचा मोठा भाग पालेभाज्यांचा होतो. या सगळ्यात फळांचा वाटा पाच ते दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे सरीसृपांवर उपचार करणारे पशुवैद्य सांगतात. ताटातल्या लोणच्याइतकी जागा फळाला द्यावी.

फळ दिले नाही तर या सरड्याचे काही अडते का? अडत नाही. चांगला पाला, कॅल्शियमची भुकटी लावलेले कीटक, ऊन किंवा अतिनील दिवा आणि पाणी एवढ्यावर तो उत्तम जगतो. फळाचे खरे उपयोग तीन आहेत. पाल्याकडे ढुंकून न पाहणाऱ्या प्राण्याला ताटलीकडे वळवण्यासाठी पाल्यावर थोडे लाल-पिवळे फळ टाकता येते, कारण त्याला रंग उत्तम दिसतात आणि भडक रंगाकडे तो चटकन झेपावतो. औषध पोटात घालायचे असेल तेव्हा फळाच्या गरातून ते जाते. आणि कडक उन्हाळ्यात थोडे जास्तीचे पाणी मिळते. याउलट रोज फळ मिळू लागले की हा प्राणी गोडाला सोकावतो, पाला चाळून फळ तेवढे वेचतो आणि पुढे पाला सोडून देतो. ही सवय मोडायला आठवडे जातात.

कॅल्शियम आणि फॉस्फरस : पाळीव ड्रॅगनचा सर्वांत सामान्य आणि टाळता येण्याजोगा आजार म्हणजे हाडांचा चयापचयजन्य विकार. आहारात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि अतिनील-बी किरण अपुरे असे झाले की शरीर हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणते. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. म्हणून अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसाइतके, शक्यतो दुप्पट असावे लागते, आणि बहुतेक फळे इथेच नापास होतात. दर १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे ५ मिग्रॅ. आणि फॉस्फरस २२ मिग्रॅ. असतो, म्हणजे प्रमाण चौपटीहून अधिक उलटे. डाळिंबाच्या दाण्यांत ते १० व ३६, पेरूत १८ व ४०, सफरचंदात ६ व ११. आंबा ११ व १४ असल्याने जरा बरा. सरळ प्रमाणाची फळे थोडीच : पपई २० व १०, ताजे अंजीर ३५ व १४, फड्या निवडुंगाचे बोंड ५६ व २४.

मात्र हे आकडे पाहून निवड करणे पुरेसे नाही. संत्र्याचे प्रमाण ४० व १४ असे देखणे आहे, तरीही संत्रे, मोसंबी, लिंबू ही फळे या प्राण्याला देऊ नयेत. त्यांतील आम्लाने तोंड व पोट चुरचुरते आणि जुलाब लागतात. आवळा, चिंच, कोकम यांनाही तोच न्याय लावावा. किवीत कॅल्शियम व फॉस्फरस सारखेच, पण तिच्या गरात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे ताटलीत दिसणारे कॅल्शियम रक्तात पोचत नाही. कमरख ऊर्फ स्टारफ्रूटमध्ये ऑक्झॅलिक आम्ल इतके असते की मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसांनाही ते वर्ज्य आहे. सरड्याच्या ताटलीत त्याला जागा नाही.

दात आणि साखर : फळ जपून का द्यायचे याचे उत्तर बहुतेक पुस्तिका ‘साखरेने लठ्ठपणा येतो’ असे देतात. ते खरे आहे. बसून खाणाऱ्या ड्रॅगनच्या यकृतात चरबी साठते आणि मोठ्या आतड्यातील जीवाणूंचा तोल साखरेने ढळून पातळ, घाण वासाची विष्ठा होते. पण त्याहून गंभीर गोष्ट तोंडात घडते आणि तिच्याकडे पाळणाऱ्यांचे लक्ष फार उशिरा जाते. या कुलातील सरड्यांचे जबड्याच्या बाजूचे दात खोबणीत रुजलेले नसतात. ते जबड्याच्या हाडाच्या कडेवरच जुळून बसलेले असतात आणि त्यांभोवती हिरडीचा पातळसा पदर असतो. समोरचे थोडे दात पडून पुन्हा येतात, बाजूचे येत नाहीत. झिजला तो झिजला, गेला तो गेला.

रानात कीटकांची कडक कवचे आणि चिवट पाने चावताना हे दात पुसले जातात. पिकलेल्या केळ्याचा किंवा चिकूचा गर मात्र त्यांच्यामध्ये लेपासारखा चिकटून बसतो. जीवाणू वाढतात, किटण चढते, हिरडी लाल होऊन मागे सरकते, हाड उघडे पडते. दात थेट हाडाला जुळलेला असल्याने संसर्ग जबड्यात शिरायला फारसा अडथळाच उरत नाही. पुढे जबडा सुजतो, प्राणी खाताना मध्येच थांबतो, कडक किडा तोंडातून सोडून देतो. उपचार म्हणजे भूल देऊन दात साफ करणे, दीर्घकाळ प्रतिजैविके आणि वारंवार तपासणी. गेलेले हाड परत येत नाही. म्हणून मऊ आणि चिकट हे फळाचे दोन गुण त्याच्या गोडीइतकेच धोक्याचे मानले पाहिजेत. फणसाचे गरे, खजूर, मनुका, सुके अंजीर, आमरस आणि डबाबंद गर पूर्ण टाळावेत. सुक्या फळांत तर साखर आटून दाट झालेली असते; खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असतो.

फळांची निवड : या सर्व कसोट्या एकत्र लावल्या तर पपई पहिली येते. कॅल्शियमचे प्रमाण सरळ, साखर १०० ग्रॅममागे ८ ग्रॅमच्या आसपास, आणि घट्टसर फळ घेतले तर गर चिकटतही नाही. बिया व साल काढावी. अंजिरात कॅल्शियम अधिक, पण साखर १६ ग्रॅमच्या घरात. म्हणून एका ताज्या अंजिराची चतकोर फोड पुरे. निवडुंगाचे बोंड चांगले, फक्त त्यावरचे केसासारखे बारीक काटे आचेवर जाळून व साल सोलूनच द्यावे, नाहीतर ते जिभेत रुततात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ब्लूबेरी, रासबेरी, स्ट्रॉबेरी सर्रास दिल्या जातात. साखर बेताची असल्याने अधूनमधून त्या चालतात. स्ट्रॉबेरी आता महाबळेश्वर-पाचगणीमुळे आपल्याकडेही हाताशी आहे, ती मात्र नीट धुवावी, कारण जमिनीलगत वाढणाऱ्या या मऊ फळावर फवारणीचा अंश राहतो.

आंबा हंगामात कधीतरी, करंगळीच्या नखाएवढ्या दोन फोडी. तो कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेला नसावा. भारतात अशा पिकवणीला बंदी आहे. सफरचंद व नासपती साल काढून आणि बिया पूर्ण वेचून द्यावे. सफरचंदाच्या बियांत आणि पीच, जर्दाळू, चेरी यांच्या आठळ्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. उन्हाळ्यात एखादी फोड बरी, जास्त झाले की जुलाब. द्राक्ष कुत्र्यांना घातक असले तरी या सरड्याला विषारी नाही, मात्र अख्खे दिल्यास घशात अडकते, म्हणून उभे चार तुकडे करावेत.

एक फळ निखालस वर्ज्य आहे : अॅव्होकॅडो. त्यातील पर्सिन हे द्रव्य पक्षी, ससे, शेळ्या आणि घोडे यांना मारक ठरल्याच्या नोंदी आहेत. अशा फळाचा प्रयोग आपल्या प्राण्यावर करण्याचे काही कारण नाही.

प्रमाण व पद्धत : प्रौढ प्राण्याला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, चहाचा एक चमचा भरेल इतके चिरलेले फळ पुरते. पिल्लांना त्याहूनही कमी. त्यांच्या लहानशा पोटातली जागा कीटक आणि पाल्यासाठी राखावी. तुकडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. फळ वेगळे न देता मोहरीची पाने, शेवग्याचा पाला, मेथी, किसलेला लाल भोपळा यांत मिसळावे, म्हणजे फळाच्या ओढीने पालाही पोटात जातो. पालक, राजगिरा, चुका या ऑक्झलेटवाल्या भाज्यांशी फळाची जोडी नको. ओलसर फोडींवर कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी छान धरते, हा एक छोटा फायदा.

वेळेलाही महत्त्व आहे. हा सरडा स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. दिव्याखालच्या ३८ ते ४२ अंश से. तापमानाच्या जागी बसल्याखेरीज त्याला अन्न पचत नाही. म्हणून दिवे लागल्यावर तासा-दोन तासांनी खायला द्यावे आणि दिवे मालवण्यापूर्वी पचायला पुरेसा अवधी ठेवावा. संध्याकाळी उशिरा दिलेले गोड फळ थंड पोटात आंबते. हिवाळ्यात काही प्राणी आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतात. त्या काळात त्यांना फळ भरवू नये. ताटली उथळ असावी आणि वाळूवर नव्हे तर फरशीच्या तुकड्यावर ठेवावी, कारण ओल्या फोडीला चिकटलेली वाळू पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. उरलेले फळ तासा-दोन तासांत उचलावे. तापलेल्या पेटीत ते लवकर नासते आणि चिलटे जमतात.

निरीक्षण : फळ खाल्ल्यावर एखादवेळी विष्ठा पातळ होणे किंवा बेरी, डाळिंब यांमुळे तिला लालसर-जांभळी झाक येणे स्वाभाविक आहे, ते रक्त समजून घाबरू नये. पण जुलाब दोन-तीन दिवस टिकले, हिरडी लाल दिसली, दात तपकिरी पडले किंवा जबडा एका बाजूला फुगला तर फळ तत्काळ बंद करून सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ही सोय नसते, म्हणून असा डॉक्टर प्राणी घरी आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. महिन्यातून एकदा प्राणी किड्यासाठी तोंड उघडतो त्या क्षणी दातांकडे नीट पाहण्याची सवय लावावी.

घरातल्या माणसांसाठीही एक दक्षता आहे. दाढीवाले ड्रॅगन निरोगी दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जीवाणू असू शकतात आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या प्राण्यांशी निगडित साथींची नोंद केली आहे. ड्रॅगनचे फळ चिरायची सुरी, पाट आणि ताटली स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावी, ती ओट्यावरच्या मोरीत धुऊ नये, आणि भरवून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती हा प्राणी किंवा त्याची उष्टी फोड देऊ नये.