ग्वायूल : पर्यायी रबराच्या संशोधनाचा इतिहास

ग्वायूल हे उत्तर मेक्सिकोतील चिवावा मरुप्रदेशात व त्यास लागून असलेल्या टेक्सस राज्याच्या बिग बेंड भागात आढळणारे बहुवर्षायू झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम अर्जेंटॅटम असे आहे. सूर्यफुलाच्या कुलातील या वनस्पतीची उंची सु. ६० सेंमी. ते १ मी. असते व पाने रुपेरी लवेने आच्छादलेली असतात. महाराष्ट्रात तिची एक निकटची आप्त सर्वपरिचित आहे. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी ज्याची पुण्याहून नोंद केली व जे पुढे देशभर पसरले, ते गाजर गवत याच प्रजातीतील दुसरी जाती होय. नको असलेली जाती कोणाच्या मदतीवाचून पसरली; हव्या असलेल्या जातीला मात्र शेतात स्थिरावण्यासाठी शतकाहून अधिक काळ संशोधनाची वाट पाहावी लागली.

रबराचे स्वरूप : पारा रबर वृक्षाच्या सालीतील नलिकांत चीक असतो, सालीवर छेद घेताच तो वाहू लागतो. ग्वायूलमध्ये अशा नलिका नसतात. खोड व मूळ यांच्या, विशेषतः सालीच्या, सुट्या कोशिकांत रबर साठते. त्यामुळे संपूर्ण झुडूप उपटून किंवा कापून भरडावे लागते. भरड पाण्यात घुसळली असता चोथा पाणी पिऊन तळाशी बसतो व रबर वर तरंगते. त्यातील राळ काढून टाकली नाही, तर रबर मऊ व कमी प्रतीचे राहते. राळविरहित रबर मात्र रासायनिक घटनेने पारा रबरासारखेच असते. शुष्क वजनाच्या सु. १० टक्के रबर मिळू शकते. परंतु त्यासाठी झुडूप काही वर्षे शेतात राहावे लागते. त्याच्या संशोधनाच्या इतिहासात हा कालावधी निर्णायक ठरला.

आरंभीचा काळ : १८५२ मध्ये जे. एम. बिगेलो यांनी टेक्ससमध्ये या वनस्पतीचे नमुने गोळा केले व १८५९ मध्ये एसा ग्रे यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोत कारखाने निघाले. १९१० च्या सुमारास जगातील नैसर्गिक रबराचा सु. एक-दशांश भाग ग्वायूलपासून मिळत होता. हा सर्व माल रानटी झुडपांचा असल्याने ती झपाट्याने कमी झाली. त्यातच मेक्सिकन क्रांतीने उद्योग विस्कळित झाला. इंटरकाँटिनेंटल रबर कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डब्ल्यू. बी. मॅकॅलम यांनी अमेरिकेत बियाणे नेऊन निवड पद्धतीने लागवडयोग्य वाण तयार केले. १९३० मध्ये ड्वाइट आयझेनहौअर (पुढे राष्ट्राध्यक्ष) व गिल्बर्ट विल्क्स या दोन सेनाधिकाऱ्यांनी या पिकास सरकारी उत्तेजन द्यावे, असा अहवाल दिला. परंतु आशियातील रबर स्वस्त असल्याने तो बाजूस पडला.

युद्धकाळ : १९४२ मध्ये जपानने मलाया व ईस्ट इंडीज बेटे जिंकताच दोस्त राष्ट्रांच्या नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. त्याच वर्षी अमेरिकेने आपत्कालीन रबर प्रकल्प हाती घेऊन सु. १३,००० हेक्टरांवर लागवड केली. याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक रहिवाशांना सरकारने छावण्यांत स्थानबद्ध केले होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील मँझनार छावणीत शास्त्रज्ञ व रोपवाटिकांतील जाणकार होते. वनस्पतिक्रियावैज्ञानिक रॉबर्ट एमर्सन यांच्या साहाय्याने त्यांनी छाटकलमांपासून रोपे वाढविली आणि जुजबी साधनांनी उत्तम प्रतीचे रबर काढले. ज्यांच्या निष्ठेवर राष्ट्राने अविश्वास दाखविला, त्यांनीच राष्ट्राच्या गरजेसाठी हे काम केले.

१९४६ मध्ये प्रकल्प बंद झाला. तोवर सु. १,४०० टन रबर निघाले होते; त्याच्या कित्येक पट रबर असलेले उभे पीक मात्र नष्ट करण्यात आले. संश्लिष्ट रबर उपलब्ध झाले होते व आशियातील मळेही पुन्हा खुले झाले होते.

नंतरचा काळ : १९७३ च्या तेलसंकटाने खनिज तेलापासून बनणारे संश्लिष्ट रबर महागले व ग्वायूलकडे पुन्हा लक्ष गेले. मेक्सिकोत साल्तीयो येथे प्रायोगिक कारखाना उभारण्यात आला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. भारतातही लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिविज्ञान संशोधन संस्थेत लागवडीचे प्रयोग झाले. या झुडपास निचऱ्याची जमीन लागते. कृष्णाकाठच्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजण्याचा धोका असतो. सुधारणेच्या कामी पैदासकारांना मुख्यतः १९४० नंतरच्या दशकातील जतन झालेल्या थोड्या वाणांवर अवलंबून राहावे लागले. शिवाय अनेक वाणांत निषेचनावाचून बीज तयार होत असल्याने संकर करणे कठीण जाते.

१९८० नंतर पारा रबराच्या चिकातील प्रथिनांमुळे होणारी अधिहर्षता वैद्यकीय क्षेत्रात चिंतेचा विषय बनली. ग्वायूलच्या चिकात ही प्रथिने नसल्याचे कॅट्रिना कॉर्निश यांच्या संशोधनातून दिसून आले व २००८ मध्ये त्यापासून बनविलेल्या हातमोज्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१५ मध्ये ब्रिजस्टोन कंपनीने ग्वायूलच्या रबराचा टायर तयार केला.

टंचाई आली की संशोधन सुरू करावयाचे व ती सरली की थांबवावयाचे, असा हा क्रम आहे. पक्व होण्यास वर्षे लागणाऱ्या पिकाचे संशोधन संकट आल्यावर आरंभिले, तर त्याच संकटास ते सहसा उपयोगी पडत नाही. जगाचे नैसर्गिक रबर आजही मुख्यतः एकाच वृक्षजातीवर अवलंबून आहे. दक्षिण अमेरिकेतील पर्णकरपा रोगाने तेथील मळे उद्ध्वस्त केले होते. तो रोग आशियात पोहोचल्यास पर्यायी पीक आधीच हाती असावे लागेल. म्हणून ग्वायूलवरील संशोधनात सातत्य राखणे महत्त्वाचे आहे.