प्रभातची वाटणी

भागीदारींत मिळविलेल्या पैशाची वाटणी करितां येते. भागीदारींत कमावलेल्या कसबाची करितां येत नाहीं. प्रभात फिल्म कंपनीचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

प्रभातचा जन्मच मुळीं एका फुटींतून झाला. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर हे चौघे तेथून बाहेर पडले, आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या द्रव्यसाहाय्यानें १९२९ सालीं त्यांनीं प्रभातची स्थापना केली. दिग्दर्शन, नेपथ्य, ध्वनिमुद्रण हीं सारीं कामें मालकांच्याच हातीं होतीं. १९३३ सालीं कंपनी पुण्यास आली व तेथील स्टुडिओंत ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे बोलपट निर्माण झाले.

परंतु जी रचना संस्थेचें बळ होती, तीच तिचें मर्मस्थान ठरली. पगारी दिग्दर्शक गेला तर दुसरा नेमतां येतो. भागीदार दिग्दर्शक गेला म्हणजे घराचा खांबच निखळतो. धायबर आधींच गेले होते. १९४२ सालीं शांतारामहि गेले. त्यांनीं मुंबईस परळ येथें वाडिया मूव्हीटोनच्या जागेंत ‘राजकमल कलामंदिर’ उभारलें. त्याच सुमारास वाडिया बंधूंचीहि फारकत होऊन होमी वाडिया यांनीं ‘बसंत पिक्चर्स’ काढली होती. एका घरच्या वाटणीनें दुसऱ्या घरच्या वाटेकऱ्यास छप्पर दिलें!

राजकमलची ‘शकुंतला’ १९४३ सालीं गाजली. प्रभातनेंहि १९४४ सालीं ‘रामशास्त्री’ काढून आपलें तेज दाखविलें. पण १९४५ सालीं दामले निवर्तले. युद्धोत्तर काळांत पगारी नटांची जागा कंत्राटी नटांनीं घेतली, बारमाही स्टुडिओचा खर्च पेलेनासा झाला, आणि कांहीं वर्षांतच कंपनी बंद पडून वास्तु परक्या हातीं गेली.

महाराष्ट्र फिल्म कंपनीहि १९२९ नंतर फार काळ टिकली नव्हती. दोन्ही वेळां वास्तु मागें राहिली आणि कसब बाहेर पडलें. कसबानें नवी वास्तु मिळविली, वास्तूला मात्र जुन्या तोलाचें कसब पुन्हां लाभलें नाहीं. मालकीहक्काच्या कागदावर या गोष्टीची नोंद कधींच होत नसते.

१९६० सालीं भारत सरकारनें प्रभातच्या त्या जागेंत चित्रपटविद्येची संस्था उघडली. जी विद्या पांच भागीदारांना वांटून घेतां आली नाहीं, ती आज तेथें विद्यार्थ्यांना वांटली जात आहे.